समुद्राकडे तोंड, आकाशाकडे पाठ

इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत शेताच्या मधोमध कधीकधी काँक्रीटचा अष्टकोनी खड्डा दिसतो. कंबरभर उंचीच्या भिंती, त्यात कपाटांसारखे कोनाडे, मध्यभागी फरशीत रुतलेले गंजके बोल्ट. आत गुरं बांधलेली असतात, नाहीतर गवताचे भारे रचलेले असतात. दुसऱ्या महायुद्धात तिथे विमानवेधी तोफ होती. युद्ध संपलं, तोफ गेली आणि खड्डा शेतकऱ्याला मिळाला.

आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर तोफांच्या जागा काही कमी नाहीत. विजयदुर्ग, देवगड, सिंधुदुर्ग, निवती, रेडीचा यशवंतगड अशी किल्ल्यांची ओळच आहे आणि प्रत्येक ठिकाणी बुरुजावर तोफेचा मोर्चा आहे. पण इथली एकही जुनी तोफ आकाशाकडे बघत नाही. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, खाडीकडे किंवा फार तर दरवाजासमोरच्या वाटेकडे. तोफ कुठे बसवली आहे आणि तिचं तोंड किती वर उचलता येतं, एवढं नीट पाहिलं की ती बसवणारा कोणाला घाबरत होता ते कळतं. शिलालेख नसला तरी चालतं.

सिंधुदुर्गापासून सुरुवात करू. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी पायाभरणी केली आणि तीनेक वर्षांत किल्ला उभा राहिला. अठ्ठेचाळीस एकरांचं बेट, सुमारे तीन किलोमीटरची वळणावळणाची तटबंदी, पायात ओतलेलं शिसं, हे सगळं शाळेच्या पुस्तकात येतं. पुस्तकात न येणारी गोष्ट अशी की इथे पहिला पहारा तोफांचा नाहीच. तो खडपांचा आहे. किल्ल्याभोवती पाण्याखाली आणि पाण्याबरोबर खडक पसरलेले आहेत. मालवणच्या जेटीवरून सुटलेली प्रवासी होडी सरळ रेघेत किल्ल्याकडे जात नाही, वळसे घेत जाते, ते उगाच नव्हे. उथळ पाण्यात चालणारं गलबत आणि वाट ठाऊक असलेला तांडेल इथून आरामात येईल. युरोपियन लढाऊ जहाजाला मात्र खोल पाणी लागतं, त्यामुळे त्याला दूरच थांबावं लागतं आणि ज्या थोड्या वाटा त्याला मोकळ्या आहेत, त्यांवरच तोफा रोखलेल्या. महादरवाजाही दोन बुरुजांच्या कुशीत असा वळवून घेतला आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. दरवाजा दिसत नसेल तर त्यावर तोफ डागणार कशी?

आता एखाद्या बुरुजावर चढून तोफेच्या झरोक्यात उभे राहा. फोटो नंतर काढा. आधी झरोक्याच्या दोन्ही बाजूंचे चिरे पाहा. ते तिरके बसवलेले असतात, म्हणजे तोफेला डावीकडे-उजवीकडे थोडं वळता यावं. खाली-वर मात्र फारशी मोकळीक नाही. तोफेच्या मधल्या भागाला दोन्ही बाजूंनी मनगटाएवढे लोखंडी खुंटे असतात. त्यांवर ती गाड्यात तोलून बसते आणि मागच्या बुंध्याखाली लाकडी पाचर सरकवून तोंड वर-खाली करतात. पाचर ओढली की बुंधा खाली बसतो, तोंड वर उठतं. हा सगळा खेळ मोजक्या अंशांचा. त्याहून जास्त उचलण्याची गरजच नव्हती, कारण जहाज पाण्यावर असतं आणि पाणी सपाट असतं.

याच सपाटपणाचा गोलंदाजाला एक फायदा होता. पाण्यावर अगदी कमी कोनात चपटा दगड भिरकावला तर तो टप्पे घेत जातो. लोखंडी गोळाही तसाच जातो. पाण्यालगतच्या मोर्च्यावरून जवळजवळ आडवा मारलेला गोळा नेम थोडा आखूड पडला तरी बुडत नाही, टप्पा घेऊन पुढे जातो आणि जहाजाच्या फळ्यांत शिरतो. उंच कड्यावरच्या तोफेचं तसं नाही. तिचा गोळा तिरका खाली येतो, चुकला तर पाण्यात गडप. म्हणून उंचावरची तोफ दिसायला भारी आणि खालच्या मोर्च्यावरची जास्त उपयोगाची, असं पुष्कळदा होई. शिवाय जहाज हलतं, बुरूज हलत नाही. नेम धरायला यापेक्षा मोठी सवलत नाही.

बार काढण्याचं काम कष्टाचं आणि संथ होतं. नळी ओल्या बोळ्याने पुसायची, म्हणजे आत राहिलेली ठिणगी विझते. मग दारू, त्यावर बोळा, मग गोळा, सगळं गजाने ठासायचं. बुंध्यावरच्या बारीक भोकात, म्हणजे तोफेच्या कानात, रंजक भरायची आणि बत्ती द्यायची. धडाक्यासरशी तोफ मागे फेकली जाते, ती माणसांनी पुन्हा ओढून जागेवर आणायची. चोवीस पौंडी तोफेचा गोळा साधारण अकरा किलोचा. तो दोन-अडीच किलोमीटर जाई, पण नेमका लागायचा तर जहाज किलोमीटरच्या आत हवं. शत्रूला किल्ला जिंकायचा असेल तर अखेर याच माऱ्याच्या आत यावं लागे. जुन्या जलदुर्गांची सगळी भिस्त या एका गोष्टीवर.

तोंड किती उचलता येतं या प्रश्नावर एक अख्खी मोहीम फसल्याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं आहे. कान्होजी आंग्रे असताना १७१७ साली इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला करून मार खाल्ला. १७२० मध्ये ते पुन्हा आले, या वेळी मुद्दाम बांधलेला एक तरंगता तोफखाना घेऊन. ‘फ्राम’ त्याचं नाव. उथळ पाण्यात किल्ल्याला भिडता यावं असा सपाट बुडाचा आणि जाड भिंतींचा. लढाईत उतरवल्यावर लक्षात आलं की त्याची तोफांची भोकंच चुकली आहेत, तोफा पुरेशा वर उचलता येत नाहीत. सुतार कामाला लावून भोकं मोठी करेपर्यंत हल्ल्यातला जोर निघून गेला. किल्ला पडला नाही. १७२४ मध्ये डच आले, तेही तसेच परतले.

१७५६ चा फेब्रुवारी मात्र वेगळा. या वेळी अ‍ॅडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह होते आणि जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य त्यांच्या बाजूने होतं. वॉटसनच्या ‘केंट’वर सत्तर तोफा, ‘कंबरलँड’वर सहासष्ट, ‘टायगर’वर साठ, ‘सॅलिसबरी’वर पन्नास. जहाजं खाडीत शिरली आणि १२ फेब्रुवारीला दुपारी मारा सुरू झाला. इतक्या तोफा एकदम किल्ल्यावर रोखल्या गेल्यावर हलत्या-न हलत्या नेमाचा हिशेब उरत नाही. तरी घात गोळ्यांनी झाला तो तटाचा नव्हे, आरमाराचा. इंग्रजांकडूनच पूर्वी पकडून आणलेल्या ‘रिस्टोरेशन’ जहाजावर एक पेटता गोळा पडला, तिथून आग शेजारच्या गलबतांना लागली आणि किल्ल्याचे धनी तुळाजी आंग्रे यांचं दोरखंडांनी एकत्र बांधून ठेवलेलं आरमार जळून गेलं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. आत दोनशेच्या वर तोफा सापडल्या. म्हणजे तोफांचा तुटवडा नव्हता. त्यांच्यामागे उभं राहणारं आरमार नव्हतं, आणि पाठीवर स्वतःचंच मराठा राज्य चाल करून आलेलं. या लढाईतल्या विजयाचे पोवाडे इंग्रजांनी गायले ते ठीक, पण पेशव्यांनी त्या दिवशी काय कमावलं हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारं बळ तिथेच संपलं.

सिंधुदुर्ग १७६५ मध्ये इंग्रजांनी घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नाव दिलं आणि पुढे पैसे घेऊन कोल्हापूरकरांना परत केला. १८१२ च्या तहाने मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. कारण सांगितलं ते चाचेगिरीच्या बंदोबस्ताचं. त्यानंतर इथल्या तोफांना काम उरलं नाही. निकामी करायची तोफ असेल तर तिच्या कानात लोखंडी मेख ठोकत, म्हणजे बत्ती देताच येत नाही. काही तोफा भंगारात गेल्या, काही खाडीत पडल्या. काही तोंड खाली करून जमिनीत पुरल्या, जहाजांचे दोर बांधायला. मुंबईच्या फोर्टात आणि गोद्यांत असे पुरलेले ‘खांब’ आजही दिसतात. रस्त्याच्या कडेला त्यांच्यावर पाय टेकून लोक बुटाची नाडी बांधतात.

मग विमान आलं.

पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदुस्थानच्या किनाऱ्याला भीती समुद्राचीच होती. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने मद्रासच्या तेलाच्या टाक्यांवर गोळे टाकले, तेही जुन्याच पद्धतीने, समुद्रातून. १९४२ मध्ये चित्र पालटलं. ५ एप्रिलला जपानी विमानांनी कोलंबोवर हल्ला केला, ६ एप्रिलला विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर बॉम्ब पडले, डिसेंबरात कलकत्त्यावर. मद्रास सरकारने तर आपली कचेरीच शहराबाहेर हलवली. मुंबईत ब्लॅकआउट आला, खिडक्यांना काळे कागद लागले, हवाई हल्ल्यापासून बचावासाठीच्या ए. आर. पी. दलाचे स्वयंसेवक शिट्ट्या फुंकत फिरू लागले. मुंबईवर जपानी विमान कधीच आलं नाही. पण भीती इतकी मुरली होती की १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज स्फोटकांसकट उडालं तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा वाटलं, जपान्यांचा हवाई हल्ला झाला.

मालवणला मात्र विमानवेधी तोफ ठेवावी असं काय होतं? गोदी नाही, कारखाना नाही, तेलाच्या टाक्या नाहीत, विमानतळ तर नाहीच. सिंधुदुर्ग जिल्ह्यात प्रवासी विमान उतरलं ते चिपीला, २०२१ मध्ये. विमानातून बॉम्ब टाकणाऱ्याला काहीतरी मोलाचं लक्ष्य लागतं आणि विमानवेधी तोफ त्या लक्ष्याच्या राखणीला बसते. जलदुर्गाची तोफ वाट अडवते. विमानाला वाट नसते, ते कुठूनही येतं. खडपांचं संरक्षण तिथे कवडीमोल. तीनशे वर्षं ज्या भूगोलाने मालवण राखलं, तो एका पिढीत निरुपयोगी झाला.

इंग्लंडमधल्या त्या अष्टकोनी खड्ड्यात नेमकं काय चाले ते पाहिलं की दोन तोफांमधला फरक कळतो. ब्रिटिशांची ३.७ इंची तोफ सुमारे साडेबारा किलोचा गोळा मारी, म्हणजे वजनाने जुन्या चोवीस पौंडी गोळ्याहून फार वेगळा नाही. पण ही तोफ पूर्ण गोल फिरे आणि तोंड जवळजवळ उभं, ऐंशी अंशांपर्यंत उचले. म्हणून तिला झरोका नाही. भोवती चहूबाजूंनी सारखी भिंत आणि वर उघडं आकाश. अष्टकोन त्यासाठी. भिंतीतले कोनाडे तयार गोळे ठेवण्यासाठी, बंद दारांचे, म्हणजे शेजारी बॉम्ब पडला तरी सगळे एकदम उडू नयेत. अशा चार किंवा आठ खड्ड्यांच्या मधोमध हुकूम देण्याची जागा, थोड्या अंतरावर रडार.

अवघड भाग नेमाचा. विमान ताशी ३६० किलोमीटर वेगाने जात असेल तर ते सेकंदाला शंभर मीटर सरकतं. उंचावर पोचायला गोळ्याला पंधरा-वीस सेकंद लागतात. तेवढ्यात विमान दीड-दोन किलोमीटर पुढे गेलेलं असतं, म्हणजे मालवणची जेटी ते किल्ला आणि परत, एवढं अंतर. म्हणून तोफ विमानावर रोखायची नसतेच. वीस सेकंदांनी ते जिथे असेल त्या रिकाम्या जागेवर रोखायची. त्यासाठी ‘प्रेडिक्टर’ नावाची पेटी असे, दातेरी चाकांचं गणितयंत्रच ते. विमानाची उंची, दिशा, वेग हे सगळं हाताने फिरवून त्यात घालायचं, तोफेचा कोन त्यातून बाहेर येई. गोळा लागावा अशी अपेक्षा कोणी धरत नसे. गोळ्याच्या टोकाला घड्याळी फ्यूज लावलेला असे आणि तो अमुक सेकंदांनी हवेत फुटे. विमानाजवळ फुटला तर तुकडे लागतील, इतकंच. नेम पक्का असेल असं मानलं तरी एका सेकंदाची चूक म्हणजे शंभर मीटरचा फरक. १९४० च्या शरद ऋतूत लंडनवर रात्री बॉम्ब पडत तेव्हा एक विमान पाडायला हजारो गोळे लागत. बऱ्याच रात्री तोफांचा खरा उपयोग लोकांना धीर देणं एवढाच होता. आपल्या बाजूनेही काहीतरी धडधडतं आहे, हे ऐकू येत होतं. वर फुटलेल्या गोळ्यांचे तुकडे खाली आपल्याच कौलांवर पडत, ते वेगळं.

विमानवेधी तोफा चालवणाऱ्या सैन्याच्या तुकड्यांत १९४१ पासून स्त्रिया होत्या. प्रेडिक्टर, रडार, दुर्बीण ही सगळी कामं त्या करत. तोफेला बत्ती देण्याचं, म्हणजे प्रत्यक्ष बार काढण्याचं काम मात्र त्यांना नियमाने मना होतं. चर्चिल यांची धाकटी मुलगी मेरी अशाच एका तुकडीत होती. गोळा कुठे मारायचा ते बाईने ठरवायचं आणि मारायचा पुरुषाने, ही वाटणी कोणत्या तर्कात बसत होती ते साहेबालाच ठाऊक.

आणि गंमत पुढे आहे. लंडनकडे येणारी जर्मन विमानं थेम्स नदीच्या मुखावरून वाट काढत. म्हणून १९४३ मध्ये तिथे समुद्रातच किल्ले उभारले गेले. गाय मॉन्सेल या इंजिनिअरची ती कल्पना. काँक्रीटच्या पायांवर उभी पोलादी घरं, सात-सातांच्या झुबक्याने. मधल्या घरात हुकूम, भोवती चार घरांत ३.७ इंची तोफा, एकात बोफोर्सची तोफ, एकात शोधझोत. घरं एकमेकांना पुलांनी जोडलेली. ज्यांनी मालवण घेताना जलदुर्गांना चाच्यांचे अड्डे म्हटलं, त्यांच्याच देशात सुमारे एकशेतीस वर्षांनी जलदुर्ग बांधले गेले. युद्धानंतर ते ओस पडले आणि १९६० च्या दशकात तिथून बेकायदा रेडिओ केंद्रं चालू लागली. लोक त्यांना चाचे रेडिओच म्हणत. रेड सँड्स आणि शिव्हरिंग सँड्स ही दोन झुबकी आजही समुद्रात गंजत उभी आहेत.

विमानवेधी तोफ खरी सुधारली ती १९४४ च्या उन्हाळ्यात. रडार तोफेला थेट जोडलं गेलं आणि लक्ष्य जवळ आलं की आपोआप फुटणारा फ्यूज आला. जर्मनीचे वैमानिक नसलेले उडते बॉम्ब येऊ लागल्यावर जुलैमध्ये तोफा लंडनजवळून उचलून दक्षिण किनाऱ्यावर नेल्या, म्हणजे फुटकं-तुटकं समुद्रात पडावं. आकाशाची तोफही अखेर समुद्राकाठीच आली.

मालवणच्या सगळ्यात जवळ हवाई हल्ला झाला तो १८ डिसेंबर १९६१ ला, गोव्यात. तेरेखोलच्या खाडीपलीकडे पोर्तुगीजांचं राज्य होतं. १६१२ मध्ये बांधलेला आग्वाद, त्याच्या समुद्राकडे तोंड केलेल्या तोफा, हे सगळं डचांच्या भीतीतून आलेलं. विमानांविरुद्ध त्यांच्याकडे मोजक्या जुनाट तोफा होत्या. त्या चालवणारे गोलंदाज, असं सांगतात, फुटबॉल संघाच्या वेषात गोव्यात आणले होते. पहाटेनंतर विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा विमानं दाबोळीच्या विमानतळावर आली आणि काही मिनिटांत ६३ हजार पौंड बॉम्ब धावपट्टीवर टाकून गेली. टर्मिनलला हात लावू नका असा हुकूम होता, तो पाळला. त्या रात्री पोर्तुगीजांनी खड्डे बुजवून उरलेल्या तोकड्या पट्टीवरून दोन प्रवासी विमानं कराचीकडे उडवली, हे धाडस मान्य केलंच पाहिजे. आग्वादच्या दगडी मोर्च्यांचा त्या दिवशी काडीचा उपयोग झाला नाही.

तोफ मात्र संपली नाही. बोफोर्सची ४० मिलिमीटरची एल-७० ही विमानवेधी तोफ मूळ रचनेने सत्तरेक वर्षांपूर्वीची. मे २०२५ मध्ये सीमेवर ड्रोनचे थवे आले तेव्हा आपल्या सैन्याने तीच बाहेर काढली. स्वस्तातल्या ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र कोण उडवणार?

त्याच वर्षी जुलैमध्ये सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग यांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांमध्ये. आता साफसफाई होईल, फलक लागतील, आणि तोफा ‘नीट मांडून’ ठेवल्या जातील. इथेच माझी भीती. बुरुजाखाली पडलेली तोफ उचलून दरवाजाशी नव्या चौथऱ्यावर, नव्या सागवानी गाड्यावर बसवली की फोटो छान येतो. पण ती कुठल्या मोर्च्यावरची, कुठल्या वाटेवर रोखलेली, हे कायमचं पुसलं जातं. अंगणात सजवलेल्या तोफेचं तोंड कुठेही असू शकतं. उचलायचीच असेल तर आधी ती पडली होती ती जागा, तोंडाची दिशा, लांबी आणि तोंडाचा व्यास एवढं तरी लिहून ठेवा. मोबाइलमध्ये होकायंत्र असतंच.

किल्ल्याबाहेरच्या तोफांकडेही बघा. किनाऱ्यावरच्या गावात कुठे देवळासमोर, कुठे जेटीवर पुरलेली तोफ असेल तर तिला ऑइलपेंट फासू नका, कान बुजवू नका, भंगारवाल्याला तर देऊच नका. शेतात किंवा वाळूत नवी सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. १८७८ चा निखात निधी कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कुठलीही पुरलेली वस्तू त्यात येते.